पोट दुखतंय की पोटात दुखतंय?

मिसळ पुढ्यात निवत होती आणि आम्ही पाच प्राध्यापक 'चक्कर' आणि 'भोवळ' यांवरून भांडत होतो. रविवारची सकाळ, नाशिकचा गंगापूर रोड, आजूबाजूला सहकुटुंब रस्सा ओरपणारी मंडळी. "भोवळ आली की माणूस पडतो, चक्कर आली की पडेलच असं नाही," मी जरा आवाज चढवूनच म्हणाले. "मग घेरी आली तर?" इंग्रजीच्या सरांनी विचारलं. "आणि अंधारी?" संस्कृतच्या बाई. एवढ्यात शेजारच्या टेबलावरचे एक काका पाण्याचा ग्लास घेऊन उठले आणि म्हणाले, "कुणाला येतेय? आधी बसवा त्यांना."

कुणालाच येत नव्हती. आम्ही नुसते दुखण्याखुपण्याचे शब्द गोळा करतोय असं सांगितल्यावर काकांनी ग्लास टेबलावर ठेवला, आमच्या तोंडांकडे एकदा पाहून घेतलं आणि परत जाता जाता म्हणाले, "आमच्या गावाकडं झीट येते म्हणतात." डॉक्टरांनी लगेच वही काढली.

हे प्रकरण सुरू होऊन दोन वर्षं होत आली. घरचे विचारतात, प्राचार्य विचारतात, आता मिसळवालाही विचारायला लागलाय की तुमचं नक्की चाललंय काय. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आमच्या कॉलेजात भाषाशास्त्राचा विभाग नाही. भाषाशास्त्र येणारी माणसं आहेत, पण ती लग्नातल्या पाहुण्यांसारखी वेगवेगळ्या खोल्यांत उतरलेली. मी मराठीत एम.ए. करून मग पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानात दुसरं एम.ए. केलं. नोकरी अर्थातच मराठी विभागात लागली, आणि गेली पंचवीस वर्षं द्वितीय वर्षाला एक पेपर सोडला तर मी कविता आणि कादंबऱ्याच शिकवत आले. इंग्रजीचे सर हैदराबादला ध्वनिशास्त्र शिकून आलेले, इथे व्यावसायिक पत्रलेखन शिकवतात. संस्कृतच्या बाई शेजारच्या कॉलेजातल्या, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या. पाणिनीची अष्टाध्यायी, म्हणजे संस्कृत व्याकरणाची सूत्रं, तोंडपाठ, आणि वर्गात विद्यार्थी चार. कॉम्प्युटरचा पोरगा (पोरगा म्हणजे छत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, पण आमच्यात तोच लहान) यंत्राला मराठी बोलणं ऐकून लिहायला शिकवण्याच्या नादात असतो. एकाच विषयाला मराठीत भाषाविज्ञान म्हणतात, इंग्रजीत लिंग्विस्टिक्स, संस्कृतात व्याकरण आणि कॉम्प्युटरमध्ये एनएलपी, म्हणजे नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग. एका आवारात बारा वर्षं काढूनही मला आणि त्या पोराला आपण एकच काम करतो याचा पत्ता नव्हता. वाहनतळावर एकमेकांच्या गाड्या मात्र ओळखायचो.

पाचव्या, डॉक्टर, या भाषेच्या नव्हेतच. त्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना पीएसएम शिकवतात. पीएसएम म्हणजे औषधापेक्षा लोकांच्या राहणीकडे जास्त बघणारा विषय. त्या मला ताई म्हणतात. सुरुवात त्यांच्यापासून झाली. खरं तर माझ्या मावशीपासून.

मावशी सटाण्याची. आयुष्यभर अहिराणी, म्हणजे खानदेशाकडची बोली, बोलली, मराठी तिची पाहुण्यांपुरती. मधुमेह जुना. नाशकात आमच्याकडे आलेली असताना एका सकाळी घामाघूम झाली म्हणून जवळच्या एका खाजगी रुग्णालयात नेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला तिने सांगितलं, "मना जीव घाबरस." तो मुलगा बाहेरचा, मराठी शाळेपुरतं शिकलेला, पण स्वभावाने गोड. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "आजी, घाबरायचं नाही, आम्ही आहोत ना." आणि कागदावर लिहिलं, एन्झायटी. मी तिथेच उभी होते. भाषाविज्ञानात एम.ए. मीही काही बोलले नाही, कारण मला तेव्हा ते चुकीचं वाटलंच नाही.

कळवणची एक सिस्टर सलाइनचा स्टँड घेऊन चालली होती. तिने ते वाक्य ऐकलं, थांबली, अहिराणीतच विचारलं की सकाळपासून काही खाल्लं का, आणि उत्तराची वाट न बघता मशीन आणून बोटाला सुई टोचली. साखर ५४, म्हणजे फारच कमी. दहा मिनिटांत ग्लुकोज पिऊन मावशी उठून बसली आणि चहा मागायला लागली.

'जीव घाबरा होणं' म्हणजे भिणं नव्हे. छाती धडधडते, घाम सुटतो, आतून काहीतरी सुटत चाललंय असं वाटतं, ते सगळं त्या तीन शब्दांत असतं. भीती असलीच तर शेवटी येते. त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने शब्द बरोबर ऐकला होता आणि कोशात बघितला असता तर कोशानेही त्याचीच बाजू घेतली असती.

संध्याकाळी लिफ्टमध्ये डॉक्टरांना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ताई, हे आमच्याकडे रोजचं आहे." आणि त्यांनी वर नेऊन मला एक कागद दाखवला. कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये दुखणं मोजण्याची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दुखण्याचे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत लावलेले आहेत, गटागटात कमी तीव्रतेपासून जास्तीकडे. रुग्णाने आपल्याला लागू पडतील ते शब्द निवडायचे. डॉक्टरांच्या कुठल्याशा जुन्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी त्याचं मराठी केलेलं होतं. पहिल्याच ओळीत होतं, 'गोळी झाडल्यासारखी वेदना'. मी म्हटलं, अहो, गोळी लागलेला माणूस फॉर्म भरत बसेल का? खाली 'भोसकल्यासारखी वेदना', 'कुरतडल्यासारखी वेदना'. ओळीने वेदना, वेदना, वेदना. ओपीडीत आजवर एकाही माणसाने 'मला वेदना होत आहेत' म्हटल्याचं डॉक्टरांना आठवत नव्हतं.

तो कागद मी घरी आणला आणि रात्री स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून, भाकरी थापता थापता, दुखण्याचे मराठी शब्द मनात म्हणायला लागले. ठणकतं. ठसठसतं. सलतं. बोचतं. चुरचुरतं. जळजळतं. खवखवतं. हुळहुळतं. चिणचिणतं. भणभणतं. मळमळतं. ढवळतं. भाकरी करपली. पण एक गोष्ट लख्ख दिसली: इंग्रजीने दुखण्याला विशेषणं लावली आहेत, आपण क्रियापदं लावतो. आपलं दुखणं 'कसं असतं' यापेक्षा 'काय करतं' हे आपण सांगतो. भाषांतर करणाऱ्या पोरांनी विशेषणाला विशेषणच शोधलं, आणि मराठीत ते नसल्याने '-सारखी वेदना' हा कारखाना सुरू केला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हे इंग्रजीच्या सरांना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कागदावर दोन रकाने पाडले. एकीकडे ही दुहेरी क्रियापदं: ठसठस, चुरचुर, जळजळ, भणभण. दुसरीकडे नामं: कळ, चमक, उसण, पेटका, गोळा, लचक. मग म्हणाले, "मॅडम, आता यांच्यापुढची क्रियापदं बोला." कळ येते, कळ मारते, कळ उठते. चमक निघते. उसण भरते. पेटका येतो. गोळा येतो. लचक भरते. सगळी येणारी-जाणारी, भरणारी-निघणारी. म्हणजे एका धक्क्यात होणारं दुखणं मराठीत नाम होऊन येतं, पाहुण्यासारखं, आणि चिकटून बसणारं, पुन्हा पुन्हा होणारं दुखणं दुहेरी आवाज करतं. ठसठस म्हणताना जीभच दोनदा ठोका देते. अपवाद लगेच सापडले ('ठणकतं' एकेरीच आहे आणि रात्रभर चालतं), पण आम्ही दोघंही त्या दिवशी पुढच्या तासाला सात मिनिटं उशिरा गेलो.

इथपर्यंत सगळं आपापसात होतं. भाषेची माणसं एकत्र आली की वाद गोड होतो, कारण कुणीच 'मग काय?' असं विचारत नाही. ते विचारलं डॉक्टरांनी.

झालं असं. माझ्या डोक्यात 'पोट दुखतंय' आणि 'पोटात दुखतंय' यांनी घर केलं होतं. ओट्याजवळच सापडलेली गोष्ट. डोकं दुखतं, 'डोक्यात दुखतं' सहसा कुणी म्हणत नाही. दात दुखतो, दातात दुखत नाही. कंबर दुखते. पण छाती? 'छातीत दुखतंय.' कान दुखतो आणि कानातही दुखतं. घसा दुखतो, घशातही दुखतं. म्हणजे ज्या अवयवाला 'आत' आहे असं आपल्याला वाटतं, तिथे सप्तमीसारखा 'त' येतो. जो सगळाच्या सगळा एक वस्तू म्हणून मनात असतो तो स्वतःच कर्ता होऊन दुखतो. मी डॉक्टरांना उत्साहाने सांगितलं की व्यायामाने छाती भरून आली तर माणूस 'छाती दुखते' म्हणेल आणि हृदयाचं काही असेल तर 'छातीत दुखतं' म्हणेल. हे तुमच्या मुलांना शिकवा!

डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ताई, दोघांचाही मी ईसीजी काढणार."

मी गप्प. कॉम्प्युटरचा पोरगा तेव्हा नुकताच यायला लागला होता. त्याने जखमेवर मीठ चोळलं, "मॅडम, किती वाक्यांवरून म्हणताय?" मी म्हटलं, अरे, माझी मातृभाषा आहे. तो म्हणाला, "हो, पण किती वाक्यं?"

राग आला होता, खोटं कशाला बोलू. आमच्या विषयात बोलणाऱ्याला काय योग्य वाटतं हाच पुरावा मानायची रीत आहे. त्याच्या विषयात हजार वाक्यांखाली कुणी बोलायला तोंड उघडत नाही. आणि डॉक्टरांच्या विषयात एक वाक्य चुकलं तरी माणूस जातो. तिघांचा 'पुरावा' हा शब्द एक, आणि वजनं तीन. हे समजायला आम्हाला चार रविवार लागले.

अशाच बाहेरच्या प्रश्नाने मला एकदा आधीही झोपेतून उठवलं होतं. मी दरवर्षी विद्यार्थ्यांना पांडवलेण्यांवर नेते. तिथे १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली: २००० एका श्रेणीत शेकडा एक प्रतिक दरमहा व्याजाने, १००० दुसरीत पाऊण प्रतिकाने. गोवर्धन म्हणजे आपलं हेच, गंगापूर धरणाच्या वाटेवरचं. त्या लेखात 'अपडिदातवा' असा शब्द आहे, आणि मी वर्षानुवर्षं तो एवढ्यासाठीच वापरत आले की संस्कृत 'प्रति'चा प्राकृतात 'पडि' कसा झाला आणि तोच आपल्या 'पडसाद', 'पडछाया', 'पडजीभ' यांत कसा उतरला. एका वर्षी बसमध्ये जागा होती म्हणून कॉमर्सचे एक सर आले. त्यांनी विचारलं, "म्हणजे मुद्दल परत द्यायचंच नाही?" अपडिदातवा, म्हणजे परत न देण्याची. पुढचा शब्द 'वधिभोजा', म्हणजे फक्त वाढीचा, व्याजाचा उपभोग घ्यायचा. "अहो मॅडम, ही कायम ठेव आहे!" सर दगडावर हात ठेवून म्हणाले. पडि-पडि करत मी वीस वर्षं त्या वाक्याच्या अर्थावरून चालत गेले होते.

तर, पाणिनीची गोष्ट. संस्कृतच्या बाईंना मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. त्यांना मिसळ चालत नाही, तिखट सोसत नाही. त्या दही आणि पाव खायच्या अटीवर आल्या. आमचा वाद चालू होता की 'मला मळमळतंय' यात कर्ता कोण. 'मी' तर नाही, कारण 'मी मळमळतो' होत नाही. इंग्रजीचे सर त्याला 'अनुभवक', म्हणजे नुसतं अनुभवणारा, म्हणत होते आणि गेल्या पन्नासेक वर्षांत दक्षिण आशियाई भाषांतल्या अशा वाक्यांवर किती लिहिलं गेलंय ते सांगत होते. बाईंनी पावाचा तुकडा दह्यात बुडवला आणि म्हणाल्या, "रुच्यर्थानां प्रीयमाणः. ज्याला आवडतं, तो संप्रदान. देवदत्ताय रोचते मोदकः. देवदत्त चतुर्थीत." मग जरा थांबून, "आणि दुखण्याचं तर सूत्रच वेगळं आहे."

वेगळं सूत्र? बाई म्हणाल्या, "रुजार्थानां भाववचनानामज्वरेः." दुसऱ्या अध्यायाचा तिसरा पाद, ५४वं सूत्र. पीडा देणं या अर्थाची क्रियापदं असतील आणि पीडा देणारा स्वतःच एक भाव, म्हणजे रोगासारखी गोष्ट असेल, तर ज्याला पीडा होते त्याची षष्ठी होते. पाणिनीवरच्या 'काशिका' या जुन्या टीकेतलं उदाहरण, चौरस्य रुजति रोगः. आणि शेवटचा शब्द, अज्वरेः, ज्वर सोडून. तापाला हा नियम नाही. ताप चोराला सरळ द्वितीयेतच गाठतो: चौरं ज्वरयति ज्वरः.

टेबल दोन मिनिटं गप्प होतं. मग डॉक्टर म्हणाल्या, "चोरालाच का?" आणि कॉम्प्युटरचा पोरगा म्हणाला, "म्हणजे त्यांनी दुखण्याच्या क्रियापदांचा वेगळा क्लास केला, आणि त्यात एक्सेप्शन टाकलं?" बाई म्हणाल्या, "तू काय म्हणतोस ते मला कळलं नाही, पण हो."

मी भारावून गेले होते. आपलीही षष्ठीच की! 'माझं डोकं दुखतं', आणि 'मला ताप आला'. इंग्रजीच्या सरांनी मला तिथेच अडवलं. 'माझं' ही डोक्याची षष्ठी आहे, डोकं माझं म्हणून. पाणिनीची षष्ठी क्रियापदाशी आलेली. दिसायला सारखी, जात वेगळी. बाईंनी सरांची बाजू घेतली. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे माझी चूक मूळातलीच होती: मी विभक्ती आणि कारक यांची गल्लत करत होते, जी त्यांच्या पहिल्या वर्षाच्या मुली करतात. पन्नाशीत असं ऐकून घ्यायला लागलं. पण त्या दिवसापासून आम्ही वहीत दोन रकाने वेगळे ठेवतो, शब्दाचं रूप काय आणि त्याचं काम काय, आणि कॉम्प्युटरच्या पोराने सांगितलं की त्याच्या अर्ध्या अडचणी त्यानेच सुटल्या.

शब्द नुसते आपल्या डोक्यातून काढून चालणार नाहीत हे तोवर सगळ्यांना पटलं होतं. ओपीडीत बसून लोक काय बोलतात ते नोंदवायचं, जमलं तर आवाज घ्यायचा. त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी आणि रुग्णाचं संमतिपत्र लागतं. संमतिपत्राचा तयार मराठी नमुना आमच्या हाती पडला. 'मी याद्वारे माझ्या स्वेच्छेने व कोणत्याही दबावाविना सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी माहितीपूर्ण संमती प्रदान करीत आहे.' दिंडोरी तालुक्यातल्या एका आजींना मी हे सराव म्हणून वाचून दाखवलं. द्राक्षाच्या छाटणीला जाऊन खांदा भरून आलेल्या. शेवटपर्यंत नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे जमीन कुणाच्या नावावर व्हनार?"

आमचं पहिलं खरं काम ते संमतिपत्र नव्याने लिहिणं हेच झालं. तीन आठवडे लागले. डॉक्टरांना कायद्याचा एकही मुद्दा गाळून चालणार नव्हता, मला एकही 'सदर' नको होतं. शेवटी वाक्यं अशी झाली: 'तुम्ही कसं दुखतं ते सांगाल, ते आम्ही मशीनमध्ये ठेवू. तुमचं नाव ठेवणार नाही. नको वाटलं तर मधेच नको म्हणा. नाही म्हटलात तरी औषध तेच मिळेल.' शेवटचं वाक्य संस्कृतच्या बाईंचं. कमिटीने त्यावर एकच शेरा मारला की भाषा पुरेशी औपचारिक नाही. डॉक्टरांनी आजींचा जमिनीचा किस्सा सांगितला आणि परवानगी मिळाली.

ओपीडीतले दिवस हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. एवढंच सांगते की 'चक्कर'चा निकाल तिथे लागला. चक्कर म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टर आता पुढचा प्रश्न विचारतात: गरगरतं की अंधारी येते? गरगरतं म्हटलं तर त्या कान आणि तोल बघायला घेतात. डोळ्यांपुढे अंधारी म्हटलं तर रक्तदाब, हिमोग्लोबिन. 'चक्कर' हा शब्द दोन्हींवर पांघरूण घालतो. भोवळ आणि घेरी कुठे बसतात यावर आमचं अजून एकमत नाही, त्याचंच ते रविवारचं भांडण. आणि 'झोंबणं' आम्हाला मिसळीच्या टेबलावरच मिळालं. रस्सा झोंबतो, जखमेवर स्पिरिट झोंबतं, डिसेंबरात गोदाकाठचा वारा झोंबतो, सासूचं बोलणं झोंबतं. इंग्रजी यादीतल्या कुठल्याच एका खणात ते मावेना. डॉक्टर म्हणाल्या, सासूचं सोडून बाकीचं घ्या.

आता कागदाची बाजू. नव्या शैक्षणिक धोरणापासून 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द आमच्याकडे प्रत्येक परिपत्रकात असतो, उच्चारता न येणाऱ्या दुखण्यासारखा. आम्ही एका ठिकाणी छोट्या निधीसाठी अर्ज केला. विषयाचा रकाना एकच, आणि त्यात खाली उघडणाऱ्या यादीतून एकच विभाग निवडता येत होता. मराठी निवडलं तर 'रुग्णालय कशाला?', कॉम्प्युटर निवडलं तर 'यात नवं अल्गोरिदम काय?' दोनदा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा आम्ही 'इतर' निवडलं. त्याचं उत्तरच आलं नाही.

आणि बढतीचे गुण! यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतल्या तक्त्यात एका शोधनिबंधाला भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रांत १० गुण आहेत आणि विज्ञान-अभियांत्रिकीकडे ८. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. पोराने मिसळीच्या बिलामागे हिशोब मांडला. मी मुख्य लेखक झाले तर मला ७, सरांना ३, बाईंना ३ आणि त्याला २.४. एकच 'ठणका' माझ्याकडे ७ गुणांनी ठणकतो आणि त्याच्याकडे २.४. तो मुख्य झाला तर त्याला ५.६. बढती त्याची अडलीये, माझी नाही, आणि बाई तर निवृत्त होतायत. म्हणून मी म्हटलं, तूच हो मुख्य. त्यावर इंग्रजीचे सर दोन रविवार आले नाहीत. त्यांचीही बढती अडलेली आहे, हे मी विसरले होते. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. निबंध निम्मा लिहून पडलाय.

काम मात्र चालू आहे, आणि सध्या सगळी झोंबाझोंबी यंत्राशी आहे. पोराचं यंत्र आवाज ऐकून लिहितं, आणि लिहिलेलं वाचूनही दाखवतं. वाचताना 'चमक निघाली' मधला च ते 'चिमटा'तल्या चसारखा म्हणतं. आपल्या लिपीत दोन्ही च एकच, त्यामुळे 'चार गायी चार' हे वाक्य वाचताना त्या बिचाऱ्याचा गोंधळ होतो, आणि 'जग' म्हणजे दुनिया की जगण्याची आज्ञा हे त्याला कळत नाही. मावशीला ते ऐकवलं तर ती म्हणाली, ही बाई आपल्याकडची नाही.

अहिराणीचं तर त्याहून अवघड. तिथे 'ळ'चा 'य' होतो, डोळा म्हणजे डोया. ग्रियर्सन या इंग्रज अभ्यासकाने भारतीय भाषांच्या आपल्या सर्वेक्षणात खानदेशी, म्हणजे हीच अहिराणी, मराठीच्या खंडात न ठेवता भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडात ठेवली, यावरून आमच्यात दर पावसाळ्यात एकदा जुंपते, आणि मी माहेरचा अभिमान म्हणून दर वेळी वेगळी बाजू घेते. यंत्राला असला अभिमान नाही. ते मावशीचं 'डोया दुखी ऱ्हायना' ऐकतं आणि मुकाट्याने 'डोळा दुखून राहिला' असं लिहून मोकळं होतं. शाळेतल्या माझ्या पहिलीच्या बाई असंच करायच्या.

परवा रात्री साडेअकराला पोराचा फोन. मागे त्याचं लेकरू रडत होतं. म्हणाला, "मॅडम, हे सगळे 'डोळा' झालेत, दीडशे फायलींमध्ये. ठेवू तसेच? शोधायला सोपे जातील."

मी म्हटलं, नको, एकेक ऐकून परत डोया कर.

"एकेक?"

"मी येते उद्या. सरांनाही आणते."

"सर येतील?"

मी सरांना मेसेज टाकून ठेवलाय. दोन निळ्या टिका आल्या आहेत.